जुन्या मोटारींचे ब्रेक : डिस्क बसविण्याआधीची कामे

बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाट उतरून साखळीकडे येणारी ॲम्बेसेडर किंवा अनमोड घाटातून मोलेपर्यंत खाली येणारी प्रीमियर पद्मिनी आता क्वचितच दिसते. जी दिसते ती बहुधा एखाद्या हौशी मालकाने जिवापाड जपलेली असते. रंग मूळच्या छटेशी जुळवून लावलेला, क्रोमचे बंपर चकचकीत, आसनांवर नवे रेक्झिन. या सजावटीवर झालेला खर्च ऐकून माणूस थक्क होतो. ब्रेकवर काय खर्च झाला, असे विचारले की मात्र उत्तर ठरलेले असते : लायनर बदलले आहेत आणि पुढेमागे डिस्क बसविण्याचा विचार आहे.

डिस्कचा विचार चुकीचा नाही. योग्य भाग मिळाले आणि काम जाणत्या हातांनी झाले तर जुन्या गाडीची ब्रेकव्यवस्था त्यामुळे निश्चित सुधारते. तथापि कामांच्या यादीत डिस्कचा क्रमांक पहिला नाही. चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीत ब्रेक दगा देतात ते बहुतांशी उष्णता, गळती आणि पुढच्या-मागच्या चाकांमधील असमतोल या तीन कारणांनी. केवळ डिस्क बसविल्याने यांपैकी गळतीचा धोका तसूभरही कमी होत नाही आणि असमतोल कधी कधी वाढतोच.

आपल्याकडे ‘क्लासिक’ म्हणून जपल्या जाणाऱ्या गाड्यांत संख्येने सर्वाधिक दोनच. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घडविलेली ॲम्बेसेडर १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २०१४ पर्यंत उत्तरपाड्याच्या कारखान्यात तयार होत होती. फियाट ११०० डिलाइट १९६४ पासून मुंबईत कुर्ल्याला बनू लागली आणि पुढे तिचेच नाव पद्मिनी झाले. गोव्यात यांच्या जोडीला पोर्तुगीज राजवटीत आयात झालेल्या मर्सिडीज आणि फोक्सवॅगन यांचाही अभिमानाने सांभाळ होतो. मॉरिस मायनरचे चाहते वेगळेच. या गाड्यांचा आराखडा झाला तेव्हा चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि त्या सर्वांना मिळून तेलाची एकच वाट, हीच सर्वसाधारण पद्धत होती. त्या काळचे रस्ते, वेग आणि रहदारी यांना ती पुरेशी होती. आज पुढे धावणारी नवी गाडी एबीएसच्या भरवशावर जिथे क्षणात थांबते, तिथे मागच्या ॲम्बेसेडरला थांबायला जास्त अंतर लागते आणि ते अंतर पुढचा चालक तिच्यासाठी राखून ठेवीत नाही.

घाटात किती उष्णता निर्माण होते?

ब्रेक गाडीच्या गतीचे उष्णतेत रूपांतर करतात. ही गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ताशी ३० किलोमीटरऐवजी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी थांबविताना दुप्पट नव्हे, चौपट उष्णता बाहेर टाकावी लागते. सपाट रस्त्यावर हे क्वचित आणि थोडा वेळ घडते. ड्रम तापतो, वाऱ्यावर निवतो, प्रश्न मिटतो.

घाटाचा हिशेब निराळा आहे. उदाहरणापुरते असे धरू, की पाच माणसे आणि सामान मिळून १,५०० किलो वजनाची ॲम्बेसेडर ६०० मीटर उंची उतरते. त्या उतारात तिच्याकडून सुटणारी ऊर्जा सुमारे ८८ लाख ज्यूल भरते. घरातल्या माठातील २९ लिटर पाणी उकळीपर्यंत आणायला लागेल तेवढी ही उष्णता. दुसऱ्या भाषेत सांगायचे तर ताशी ६० किलोमीटर वेगावरून गाडी ४२ वेळा पूर्णपणे थांबविण्याइतके हे काम आहे. काही वाटा हवेचा आणि टायरांचा रोध उचलतो, इंजिन खालच्या गिअरमध्ये असेल तर मोठा वाटा ते उचलते. उरलेले सगळे चार लोखंडी ड्रमांच्या पदरात पडते.

ड्रम तापला की प्रसरण पावतो आणि त्याचा घेर मोठा होतो. आतून बाहेर दाबल्या जाणाऱ्या शूंना त्याला गाठण्यासाठी अधिक सरकावे लागते, म्हणून पेडल खोल जाते. डिस्कच्या बाबतीत नेमके उलट घडते. तापलेली तबकडी जाड होते, म्हणजे पॅडच्याच दिशेने येते. शिवाय ड्रमचा घर्षण होणारा पृष्ठभाग आत बंदिस्त असतो. तबकडी उघड्या हवेत फिरते. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने डिस्क ब्रेकचे पेटंट १९०२ मध्येच घेतले होते. जगाला त्याचे महत्त्व पटले ते १९५३ साली, जेव्हा डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली.

घाटात ब्रेक ‘गेले’ असे आपण सरसकट म्हणतो. पण ते जाण्याचे तीन प्रकार आहेत आणि पायाला ते वेगवेगळे कळतात. पेडल कडक लागते, नेहमीच्या उंचीवर असते, पण कितीही दाबले तरी गाडी मंदावत नाही, तेव्हा लायनर अतितापाने आपली पकड गमावून बसलेले असतात. पेडल खोल जाते पण शेवटी पकड घेते, तेव्हा ड्रम पसरलेला असतो किंवा शूंचे ॲडजस्टमेंट राहून गेलेले असते. आणि पेडल एकदम मऊ, स्पंजासारखे होऊन फळीला टेकते तेव्हा तेल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेले असतात. तिसरा प्रकार सर्वांत घातक आणि तितकाच फसवा. गाडी कडेला लावून अर्धा तास थांबले की वाफेचे पुन्हा द्रव होते, पेडल पूर्ववत घट्ट लागते आणि गॅरेजमधल्या मेस्त्रीला तपासणीत काहीच दोष सापडत नाही. ‘काल उगाच वाटले असेल’ असे म्हणून तीच गाडी पुढच्या आठवड्यात पुन्हा घाटाला लागते.

तेल बदलणे : सर्वांत स्वस्त सुधारणा

ब्रेक ऑइल हे खरे तर खनिज तेल नव्हे. सर्वत्र वापरले जाणारे डॉट ३ आणि डॉट ४ हे ग्लायकोल जातीचे द्रव आहेत आणि हवेतील बाष्प शोषून घेणे हा त्यांचा स्वभावच आहे. कोरडे, नवे डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की हीच किमान मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे अनुक्रमे २३० आणि १५५. किनारपट्टीच्या दमट हवेत वर्षातले बरेच महिने झाकून ठेवलेल्या गाडीत हे पाणी मुरण्यास वाट पाहावी लागत नाही. दोन वर्षांतून एकदा सगळे जुने द्रव काढून नवे डॉट ४ भरणे आणि चारही चाकांची हवा नीट काढणे, हा सर्वांत स्वस्त आणि घाटात सर्वाधिक फळ देणारा बदल आहे. तो फारच थोडे लोक वेळच्या वेळी करतात.

सिलिकोनचे डॉट ५ पाणी शोषत नाही आणि रंगालाही इजा करीत नाही, म्हणून प्रदर्शनात उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे मालक ते पसंत करतात. पण ग्लायकोलच्या द्रवात ते मिसळता कामा नये. ते भरायचेच तर सिलिंडरांची रबरे बदलून आणि सर्व नळ्या स्वच्छ करूनच भरावे. इंजिन किंवा गिअरचे तेल चुकून ब्रेकच्या टाकीत गेले तर एकूण एक रबर फुगते आणि मग सगळी व्यवस्था सुटी करण्यावाचून इलाज राहत नाही.

त्यानंतर चाके उघडावीत. ड्रम लेथवर किती वेळा चढला आहे, याची नोंद कुणाकडेच नसते. तो मोजावाच लागतो. मूळ व्यासापेक्षा साधारण दीड मिलिमीटरहून अधिक कापला गेलेला ड्रम पातळ होतो, लवकर तापतो आणि तडकण्याची भीती असते. कापलेल्या ड्रमात मूळ मापाचा नवा शू बसविला तर तो फक्त मध्यभागी टेकतो. नवे लायनर लावूनही ब्रेक पूर्वीपेक्षा वाईट लागतात, अशी तक्रार ऐकू येते तिचे हे नेहमीचे कारण. शूची गोलाई ड्रमच्या गोलाईशी जुळवून घासून घेणे हे जुन्या कारागिरांचे कसब होते. ते करणारा कोणी जवळपास असेल तर त्याच्याकडे जाण्यात कसूर करू नये.

व्हील सिलिंडरच्या आत गंजाचे बारीक खड्डे पडलेले असतात. नुसते रबर किट बदलले तर नवे रबर त्या खड्ड्यांवर काही महिन्यांत फाटते. सिलिंडर बदलणे किंवा त्यात स्टेनलेस स्टीलचा अथवा पितळेचा स्लीव्ह बसविणे हेच खात्रीचे. येथे सुट्या भागांचा प्रश्न उभा राहतो. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदविली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपताच ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. त्या टॅक्सींच्या मागणीवर तगलेला सुट्या भागांचा व्यवहारही आटत चालला. दुकानाच्या फळीवर पंधरा वर्षे पडून राहिलेले ‘नवे’ रबर किट वापरलेले नसले तरी म्हातारे झालेले असते. वाकवून पाहावे, बारीक भेगा दिसल्या तर परत करावे.

रबरी होज पाइप बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून फुगून बंद होतो. मग पायाच्या जोराने तेल चाकाकडे जाते, पण परत येत नाही. एखादे चाक सारखे धरून राहत असेल तर मेस्त्री बहुधा सिलिंडरवर संशय घेतो. दोष कित्येकदा या पाइपचा असतो. गंजलेल्या लोखंडी नळीच्या जागी फ्रिजची तांब्याची नळी बसविण्याची एक वाईट पद्धत आहे. शुद्ध तांबे सततच्या कंपनाने कडक होऊन तडकते. ब्रेकसाठी बनविलेली पोलादी किंवा तांबे-निकेल मिश्रधातूची नळीच वापरली पाहिजे आणि तिची टोके मूळ जोडाला साजेशा आकारातच उमलवली पाहिजेत.

या कामात आणखी एक जोखीम आहे आणि ती कारागिराच्या वाट्याला येते. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते. ड्रम काढून कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडविण्याची सवय फुप्फुसांच्या जिवावर उठणारी आहे. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे.

एका वाटेऐवजी दोन

इतके झाल्यावर पहिली खरी सुधारणा येते आणि ती डिस्कची नव्हे. एकाच वाटेच्या व्यवस्थेत कोणत्याही एका चाकाचे रबर फाटले किंवा एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकाच क्षणी नाहीसे होतात. उरतो तो फक्त तारेने चालणारा हँडब्रेक, तोही त्याची तार कुणी अलीकडे पाहिली असेल तर. अमेरिकेत सुरक्षा नियमांनी १९६८ पासून मोटारींना दोन स्वतंत्र वाटा सक्तीच्या केल्या, त्या याच भीतीपोटी.

दोन वाटांसाठी एकामागे एक असे दोन दट्टे असलेला मास्टर सिलिंडर लागतो. एक दट्ट्या पुढच्या चाकांना तेल देतो, दुसरा मागच्यांना. एका बाजूचे तेल गेले तरी दुसरी बाजू काम करीत राहते. थांबण्याचे अंतर बरेच वाढते, पेडल खोल जाते, पण गाडी थांबते. नंतरच्या काळातील गाड्यांचे असे सिलिंडर जुन्या बाजारात आणि नवेही मिळतात. कोणता घ्यावा, हे मात्र दिसण्यावरून किंवा नटबोल्टांची भोके जुळतात म्हणून ठरवू नये. ते ठरते आतल्या व्यासावरून.

समजा, चालक पेडलवर ३० किलोचा जोर देतो आणि पेडलची तरफ तो पाचपट करते. दट्ट्यावर १५० किलोचा जोर पडला. सिलिंडरचा व्यास पाऊण इंच असेल तर तेलात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५३ किलोचा दाब निर्माण होतो. व्यास एक इंच असेल तर तोच जोर केवळ ३० किलोचा दाब देतो. मोठ्या गाडीचा मोठा सिलिंडर बसविला म्हणजे ब्रेक जोरकस होतील, ही समजूत म्हणूनच उलटी आहे. बूस्टर नसलेल्या गाडीत असा सिलिंडर बसविला की पेडल दगडासारखे घट्ट लागते, मालक खूश होतो आणि गाडी मात्र पूर्वीपेक्षा उशिरा थांबते. फार लहान व्यास घेतला तर दाब वाढतो, पण पुरेसे तेल सरकत नाही आणि पेडल फळीला जाऊन भिडते. चाकांतील सिलिंडरांना किती तेल लागते, याचा हिशेब मांडूनच मधला मार्ग काढावा लागतो.

बसविताना दोन गोष्टींवर गाडीतल्यांचे प्राण अवलंबून असतात. पेडलचा दांडा आणि दट्ट्या यांच्यात मिलिमीटरभराची सैल जागा राहिलीच पाहिजे. ती नसेल तर पाय उचलल्यावरही टाकीकडे जाणारे बारीक छिद्र झाकलेले राहते. तेल तापून फुगते, त्याला परत जायला वाट मिळत नाही आणि ब्रेक आपोआप हळूहळू आवळत जातात. दुसरी गोष्ट म्हणजे पेडलच्या पूर्ण चालीची. एक वाट रिकामी झाली असता पहिला दट्ट्या दुसऱ्याला जाऊन टेकेपर्यंत पेडलला खाली जायला जागा हवी. ती आधीच फळीला अडली तर दोन वाटा असून नसल्यासारख्या. याची परीक्षा गॅरेजमध्येच घ्यावी : एका वाटेचा निपल उघडून पेडल दाबावे आणि दुसऱ्या वाटेची चाके धरतात का, ते पाहावे. मग हेच उलट बाजूने करावे. या परीक्षेत नापास होणारी गाडी ताब्यात घेऊ नये.

आता डिस्क

पुढच्या चाकांना डिस्क आणि मागे मूळचे ड्रम, ही जुळणी बहुतेक जुन्या गाड्यांना मानवते. जोराने ब्रेक लागला की गाडीचे नाक खाली जाते, म्हणजे वजन पुढे ढकलले जाते. ॲम्बेसेडरच्या आकाराच्या, १,२०० किलोच्या गाडीत चांगल्या कोरड्या रस्त्यावर अशा वेळी पावणेदोनशे किलोंच्या आसपास भार मागच्या चाकांवरून पुढच्यांवर जातो. काम पुढच्या चाकांनाच अधिक असल्याने सुधारणाही तिथेच हवी. मागे डिस्क बसविण्याच्या फंदात पडू नये. हँडब्रेकची नवी अडचण उभी राहते आणि मागची चाके आधी जॅम होण्याचा धोका वाढतो. पुढची चाके जॅम झाली तर गाडी सरळ घसरत जाते. मागची झाली तर ती स्वतःभोवती फिरते. घाटातल्या ओल्या वळणावर या दोहोंत फार मोठे अंतर आहे.

पावसाळ्याच्या दृष्टीनेही डिस्कचा लाभ आहे. पाण्यातून गेल्यावर ड्रमात पाणी अडकते आणि पुढचे काही ब्रेक लागतच नाहीत, हे गोव्यातल्या प्रत्येक जुन्या चालकाला ठाऊक असते. कधी एकाच बाजूचा ड्रम भिजतो आणि गाडी दुसरीकडे ओढते. तबकडीवरचे पाणी फिरण्यानेच उडून जाते.

पण ड्रम ब्रेकमध्ये एक गुण असतो, जो डिस्कमध्ये नाही. ड्रम फिरताना पुढच्या शूला आपल्यासोबत ओढून घेतो आणि तो शू पाचरीसारखा अधिकच आवळला जातो. कित्येक जुन्या गाड्यांत पुढच्या चाकांचे दोन्ही शू या पद्धतीने मांडलेले असत. थोड्या पायात पुष्कळ ब्रेक लागतो तो या आयत्या मदतीमुळे. डिस्कला अशी मदत नाही. म्हणून डिस्क बसवून मास्टर सिलिंडर तोच ठेवला आणि बूस्टर दिला नाही तर पाय दुखेस्तोवर पेडल दाबावे लागते. पैसे खर्चून ब्रेक ‘कमी’ झाल्याची भावना अनेकांना येते ती यामुळेच.

आणखी एक बारकावा गॅरेजमध्ये हमखास निसटतो. ड्रमच्या व्यवस्थेत पाय उचलल्यावरही तेलात थोडा दाब शिल्लक ठेवणारा लहानसा व्हॉल्व्ह असतो. चाकातील रबरांच्या कडा भिंतीला चिकटून राहाव्यात, हा त्याचा हेतू. हाच व्हॉल्व्ह डिस्कच्या वाटेत राहिला तर पॅड तबकडीला कायम घासत राहतात. तो काढावा लागतो. मात्र मॉरिस मायनरसारख्या गाडीत मास्टर सिलिंडर पायाखाली, चासीच्या बाजूला बसविलेला असतो आणि कॅलिपर त्याच्याहून वर येतात. अशा ठिकाणी तेल उताराने मागे येऊ नये म्हणून अगदी हलका, सुमारे दोन पौंड दाबाचा व्हॉल्व्ह लावावा लागतो.

चाकाच्या रिममध्ये कॅलिपर मावतो का, हबची जाडी बदलल्याने टायर मडगार्डला घासतो का, स्टिअरिंग पूर्ण वळविल्यावर होज पाइप ताणला जातो का, हे कागदावर नव्हे, गाडी उचलून पाहायचे असते. कॅलिपर धरणारी पट्टी वेल्डिंगच्या दुकानात पत्रा कापून बनविणारे महाभाग आहेत. गाडी थांबविणारा सगळा जोर त्या पट्टीवरून स्टब ॲक्सलकडे जातो, हे त्यांना कोणी सांगत नाही. ती योग्य जाडीच्या पोलादाची, यंत्रावर अचूक कापलेली आणि उच्च प्रतीच्या बोल्टांनी कसलेली असावी. किंगपिन आणि बेअरिंग ढिले असतील तर आधी ते बदलावेत. ढिल्या पायावर डिस्क थरथरतेच.

बूस्टरविषयी थोडे. तो गाडीची थांबण्याची कमाल क्षमता वाढवीत नाही, पायाचे कष्ट कमी करतो. चाक जॅम होण्याची मर्यादा शेवटी टायर आणि रस्ता ठरवतात. म्हणूनच दहा वर्षांपूर्वीचे कडक झालेले टायर तसेच ठेवून ब्रेकवर खर्च करण्यात अर्थ नाही. बूस्टर चालतो तो पेट्रोल इंजिनच्या मॅनिफोल्डमधील निर्वातावर. थकलेल्या इंजिनात हा निर्वात अपुरा पडतो. डिझेल इंजिनात तो जवळजवळ नसतोच, कारण तिथे हवा रोखणारी झडप नसते. पूर्वी ज्यांच्यात डिझेल इंजिन बसविले गेले अशा ॲम्बेसेडर आणि पद्मिनी थोड्या नाहीत. त्यांना बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप हवाच. पेट्रोल वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची जुनी खोड बूस्टर लावलेल्या गाडीत विशेष जीवघेणी ठरते. इंजिन बंद झाल्यावर बूस्टरमध्ये साठलेला निर्वात एक-दोनदा पेडल दाबण्यापुरताच पुरतो.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने नोंदविलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. जुलै २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची वेगळी सोय केली, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे आणली आणि नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क ठेवले. त्यासाठी वाहन मूळ स्वरूपात जपलेले असावे, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. ब्रेकचा त्यात नावानिशी उल्लेख नाही. त्याच मॉडेलच्या नंतरच्या वर्षांत कारखान्यानेच दिलेली जुळणी वापरणे आणि मूळ भागांना भोके न पाडता, पुन्हा पूर्ववत करता येईल असे काम करणे, हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा रस्ता होय. काम हाती घेण्यापूर्वी वाहतूक कार्यालयाला आणि विमा कंपनीला लेखी विचारावे. उत्तर जपून ठेवावे. काढलेले मूळ ड्रम, शू आणि सिलिंडर तेलाचा हात फिरवून, नावाच्या चिठ्ठ्या लावून घरातच ठेवावेत. ते भंगारात घालणाऱ्याने गाडीच्या इतिहासाचा एक तुकडा घालविलेला असतो आणि पुढच्या मालकाची मूळ स्थितीत परतण्याची वाटही बंद केलेली असते.

काम पूर्ण झाल्यावर गाडी लगेच घाटाकडे नेऊ नये. नवे लायनर आणि पॅड रुळण्यासाठी सपाट रस्त्यावर शे-दोनशे किलोमीटर मध्यम ब्रेकिंगची चाल हवी. त्यानंतर एखाद्या मोकळ्या, कोरड्या पटांगणात ताशी ३० किलोमीटरवरून जोराने थांबवून पाहावे आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाने कोणते चाक आधी जॅम होते, ते पाहावे. मागचे आधी झाले तर मागच्या वाटेवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावून तो जुळवून घ्यावा.

घाट उतरताना जुन्या चालकांचा नियम अजूनही लागू पडतो : ज्या गिअरमध्ये चढ चढता येईल त्याच गिअरमध्ये तो उतरावा. पेडलवर सतत हलका पाय ठेवण्याऐवजी वळणापूर्वी एकदा नीट दाबून वेग कमी करावा आणि पाय उचलून ब्रेकला निवायला अवसर द्यावा. पायथ्याशी गाडी थांबली की तळहात प्रत्येक चाकाजवळ न्यावा, लोखंडाला मात्र लावू नये. पुढची दोन्ही चाके सारखीच तापलेली हवीत, मागची दोन्हीही आपसांत सारखी. एखादे चाक जोडीदारापेक्षा फार गरम असेल तर ते धरून राहते आहे, आणि थंडगार असेल तर त्याने घाटभर काहीच काम केलेले नाही. पुढचा प्रवास सुरू करण्याआधी ते चाक उघडले पाहिजे.